एकशे चौदा नंबरची हाक

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले एकदाची पुण्यात. वणीहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी साडेसातला खराडी बायपासला थांबली आणि दोन बॅगा, एक कुकर आणि आईनं दिलेला चिवड्याचा डबा सांभाळत मी उतरले. खोली जुन्या खराडी गावात मिळाली आहे. घरमालकीण मुक्ताबाई. त्यांच्या शेतावर आता काचेच्या इमारती आहेत, त्यातल्याच एकीत माझं ऑफिस. खिडकीतून बोट दाखवून म्हणाल्या, "तुझं हापिस हाय ना, तितं आमची ज्वारी व्हायची." नळाला पाणी किती वाजता येतं ते ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात.

ऑफिस सहाव्या मजल्यावर, माणसं अकरा. कंपनी 'हाक' नावाची डबी बनवते. मुलं बंगळूरला नाहीतर परदेशात आणि आई किंवा वडील इथे एकटे, अशी घरं पुण्यात किती आहेत ते आज कळलं. डबी गळ्यात घालायची किंवा उशाशी ठेवायची. पडलं, छातीत दुखलं, की मधलं लाल बटण दाबायचं. कॉल आमच्या सर्व्हरवर येतो आणि आमचा माणूस शेजाऱ्यांना, डॉक्टरला कळवतो. साडेचारशे डब्या चालू आहेत.

दिवसा कॉल घेणारी तेजस्विनी माझ्याच वयाची. बऱ्याच आजी-आजोबांना ती नावानं ओळखते. कुणाचा मोतीबिंदू झाला, कुणाची सून बोलत नाही, सगळं तिला ठाऊक. आमचे साहेब विश्वजीत सर. त्यांनी माझा बायोडेटा बघून विचारलं, सी लँग्वेज येणारी माणसं हल्ली संग्रहालयात असतात, आपल्या वणीला संग्रहालय आहे का? मी हसले. ते हसले नाहीत. पण माणूस वाईट वाटला नाही.

आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "काहून वं, जेवली का नाई?" माझ्या मागच्या खुर्चीवरचा मुलगा हसला. हसू दे. आज मला कशाचंच काही वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मला कशासाठी घेतलं आहे ते आज नीट कळलं. सर्व्हरची मेमरी हळूहळू भरत जाते. पूर्ण भरली की प्रोग्रॅम अडतो, म्हणून दर रविवारी सकाळी तो बंद करून पुन्हा चालू करतात. वर्षभर हेच चाललंय. प्रोग्रॅम लिहिणारा केयूर डिसेंबरात नोकरी सोडून गेला.

दोष मला दीड दिवसात सापडला. स्वतःच्या समाधानासाठी इथे साध्या शब्दांत लिहून ठेवते. प्रत्येक कॉलसाठी प्रोग्रॅम एक नवा थ्रेड काढतो. थ्रेड म्हणजे एकच काम घेऊन बसणारा कारकून समजा. त्याला बसायला मेमरीत जागा मिळते. काम संपलं की कारकून उठतो, पण जागा मोकळी होत नाही. ज्यानं काम दिलं तो कधीतरी येऊन 'झालं का, काय झालं' असं विचारील, म्हणून ती राखून ठेवलेली असते. या विचारण्याला जॉइन म्हणतात. ते नको असेल तर सुरुवातीलाच बजावायचं, की तुझी चौकशी करायला कुणी येणार नाही, संपलं की आपलं आपण आवरून जा. हे डिटॅच. दोन्हींपैकी एक करावंच लागतं. केयूरनं एकही केलं नव्हतं. त्यामुळे संपलेला प्रत्येक कॉल आपली जागा अडवून बसून राहतो, कुणी विचारायला येईल म्हणून.

शिवाय थ्रेडच्या हातात डबीचा नंबर लिहून जी चिठ्ठी दिली जाते, तीही वापरून झाल्यावर कुणी टाकून देत नव्हतं. ते मी आजच दुरुस्त केलं. बारीक गळती होती. थ्रेडची मोठी.

सर म्हणाले, घाई नको, आधी पुरावा दाखव.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चालू प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल काढून बघत बसले. रविवारपासून एकशे छत्तीस कॉल झाले आणि संपलेले थ्रेड एकशे बेचाळीस. मोजण्यात चूक असणार.

प्रत्येक थ्रेडच्या जागेत आवाजाचा शेवटचा तुकडा पडून होता, सहा-सहा सेकंदांचा. एक-दोन ऐकले. 'बरं बाई, ठेवते.' 'आता बरं वाटतंय.' कुणीतरी नुसतं खोकलं. लोकांच्या घरात न विचारता डोकावल्यासारखं झालं. बंद केलं आणि खाली जाऊन चहा प्यायले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोजण्यात चूक नव्हती.

रविवारी प्रोग्रॅम नव्यानं चालू झाला, मेमरी कोरी. तरी तीन दिवसांत थ्रेड तीननं जास्त. रोज दुपारी दोन दहाला एक जास्तीचा तयार होतो. डबीचा नंबर नाही, फोन नंबर नाही. तेजस्विनीला विचारलं. ती म्हणाली, येतो की, दुपारी एक मुका कॉल येतो, तीनदा हॅलो म्हणते आणि कट करते. किती दिवसांपासून, तर दिवाळीनंतर कधीतरी.

आजच्या थ्रेडमधला तुकडा ऐकला. बाईचा आवाज, म्हातारा, स्वच्छ पुणेरी. "अहो, कुणी आहे का? मी इकडे मोरीपाशी…"

बस. सहा सेकंद.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कालचाच थ्रेड पुन्हा उघडला. तोच, मेमरीतला तोच पत्ता. संपलेला थ्रेड काही करू शकत नाही, त्याच्या जागेत नवं काही येऊ शकत नाही. पण आत काल होतं ते नाही.

"…पडलेय. कमरेतून उठता येत नाहीये. घाई नाही हो, पण…"

कालच्या पुढचं वाक्य आहे. मी कालची नक्कल जपून ठेवली होती म्हणून, नाहीतर मलाच खरं वाटलं नसतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तेजस्विनीला दोन्ही तुकडे ऐकवले. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठून खिडकीपाशी गेली. तिथूनच म्हणाली, या गोदाबाई. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. डबी नंबर एकशे चौदा. रोज सकाळी बटण दाबून तिला विचारायच्या, तुमचं यंत्र ठीक आहे ना, नाहीतर माझ्यावर बिल फाडाल. एकवीस नोव्हेंबरला गेल्या. डबी परत आली, ती कपाटात आहे.

कपाट उघडून बघितलं. आहे. बॅटरी काढलेली, सिमकार्ड काढलेलं.

मग विश्वजीत सरांना गाठलं. त्यांनी काचेचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. आधीच्या रविवारी प्रोग्रॅम बंद-चालू करायचा राहून गेला आणि एकवीस नोव्हेंबरच्या दुपारी दोन ते दोन चाळीस मेमरी पूर्ण भरली होती. प्रोग्रॅमला नवा थ्रेड काढता येईना. त्या चाळीस मिनिटांत जे कॉल आले ते उघडलेच नाहीत. ही गोष्ट सर, केयूर आणि आता मी, एवढ्यांनाच माहीत. तेजस्विनीलाही नाही.

मी नोव्हेंबरची नोंद काढली. एकशे चौदा, दोन वाजून दहा मिनिटं, थ्रेड तयार करता आला नाही. त्याखाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा. नऊ वेळा दाबलंय.

मला एक गोष्ट सुटत नाही. कॉल उघडलाच नव्हता. त्या बाईंचा आवाज आमच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. तर मग तो आमच्या मेमरीत कुठून आला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

गोदाबाईंची मुलगी आली होती. नीरजा. बंगळूरला असते, पन्नाशीची, शांत. आईचं घर आवरायला आली आहे. सरांनी मला आत बोलावलं आणि ओळख करून दिली, या आमच्या तांत्रिक तज्ज्ञ. नोकरीला बारा दिवस झालेत माझ्या.

त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, आई पडल्यावर दोनेक तास होती. डबी हातात होती, अंगठा बटणावर होता. मला कुणावर केस करायची नाही. एवढंच सांगा, तिनं दाबलं होतं का?"

मी सरांकडे बघितलं. ते पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते.

मी म्हटलं, आमच्याकडे कॉल आल्याची नोंद नाही.

शब्दशः खरं आहे. कॉलची नोंद नाही. कॉल न झाल्याच्या नऊ नोंदी आहेत.

नीरजाताईंनी डोळे मिटून श्वास सोडला. म्हणाल्या, बरं झालं. म्हणजे ती लगेच बेशुद्ध झाली असेल. कुणी येईल म्हणून वाट बघत पडली नाही.

माझा हात धरला जाताना. आभार मानले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डिटॅच केलं. एक ओळ. थ्रेड काढताक्षणी त्याला सांगितलं, तुझी कुणी चौकशी करणार नाही.

चार तास बघत बसले. मेमरीची रेघ सपाट, एक पायरीही चढली नाही. दोन दहाला मुका कॉल आला नाही. तेजस्विनी सव्वादोनपर्यंत हेडफोन लावून बसली होती, मग उठून डबा खायला गेली.

सरांनी पेढे मागवले. सहा महिन्यांचं प्रोबेशन रद्द, आजपासून मी कायम. पत्र टेबलावर ठेवून म्हणाले, नोव्हेंबरच्या नोंदी उगाच जागा खातायत, तेवढं साफ करून टाक.

केलं.

तुझी आईही एकटीच असते ना, असं म्हणून त्यांनी एक नवी डबीही दिली. नंबर दोनशे एकतीस. कुरिअरनं वणीला पाठवली. आईला बरं वाटेल. मलाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डबी पोचली. शेजारच्या सुशीलाकाकूंनी लावून दिली. आई खूश. म्हणे, "हे त मोबाईलपेक्षा बरं हाय वं, एकच बटन."

इकडे मात्र दोन तक्रारी आल्या. औंधचे एक आजोबा म्हणतात, दुपारी डबी आपोआप बोलते. कोण? एक बाई. काय बोलते? विचारते, आलात का. कर्वेनगरच्या आजींकडेही तेच. कॉलची नोंद कुठेच नाही. असणारच नाही, डिटॅच केलेला थ्रेड मागे काही ठेवत नाही. मीच तसं केलंय.

तेजस्विनीनं माझ्याकडे बघितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी आईचा फोन. म्हणाली, तुह्या हापिसातली बाई लय चांगली हाय, दुपारी माह्याशी बोलते. म्हातारी हाय बिचारी, मोठ्या घरची वाटते.

मी विचारलं, काय बोलते.

तुह्याच गोष्टी करते. पूर्णिमा कोठी बसते, कवा घरी जाते. मी सांगितलं समदं. मंग म्हणे, तुमच्या मुलीनं माझ्या नीरजाला काय सांगितलं, तुम्हाला माहीत आहे का?

आईनं मला विचारलं, "काय सांगितलं वं तू?"

मी म्हटलं, काही नाही आई, ऑफिसचं काम.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आईला डबी बंद करायला लावली. सुशीलाकाकूंनी मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, सिमकार्ड काढलं, डबी पाटावरवंट्याच्या मागे ठेवून दिली.

दुपारी अडीचला आईचा फोन. आजही गप्पा झाल्या म्हणे. तिला एकटीला करमत नाही, मलाही करमत नाही, बरं आहे.

करमत नाही आणि बरं आहे. आई असं बोलत नाही. आई 'बरं हाय' म्हणते. मी तिला पुन्हा बोलतं केलं. मधूनमधून तिचं, मधूनमधून दुसरंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

"अगं, जेवलीस का वेळेवर?" आईनं विचारलं.

सव्वीस वर्षं 'जेवली का नाई' ऐकत आले आहे.

मी म्हटलं, आई, आपल्या भाषेत बोल ना. ती म्हणाली, हीच तर आपली भाषा. मग म्हणाली, कंबर दुखतेय गं फार. मोरीपाशी गार लागतं.

आमच्या घरात मोरी नाही. न्हाणी आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की म्हणजे भूत डिटॅच करायचं राहिलंय का? मग म्हणाले, आठवडाभर रजा घे.

तेजस्विनीनं राजीनामा दिला. जाताना विचारलं, गोदाबाईंनी बटण दाबलं होतं, हो ना? मी हो म्हटलं. किती वेळा? नऊ. ती म्हणाली, मी त्या दुपारी इथेच होते, कॉल नाही म्हणून मोबाईलवर सिनेमा बघत होते.

नीरजाताईंना मेसेज लिहिला. सगळं खरं लिहिलं. मग वाटलं, त्या बरं झालं म्हणाल्या होत्या. आणि नोंदी मी पुसल्यात, गुन्हा माझा. पाठवला नाही. अजून तिथेच आहे, पाठवायच्या खुणेशेजारी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुशीलाकाकूंचा फोन. आई कशीतरीच करते म्हणे. मला अहो-जाहो करून राहिली. चप्पल बाहेर काढायला लावली. दिवसभर दाराकडे तोंड करून बसते आणि म्हणते, येतील, कळवलंय.

काकूंना म्हटलं, तिच्याजवळ राहा. त्या उद्या शिवरात्रीच्या जत्रेला निघाल्यात, परवा येतील. मी उद्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. एका रात्रीचा प्रश्न आहे.

त्याआधी एक करून बघायचं आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

१.४० — महाशिवरात्रीची सुट्टी. मजल्यावर मी एकटीच. तेजस्विनीच्या जागेवर आज मी आहे, कॉल मीच घेणार. ऊन टेबलापर्यंत आलंय.

डिटॅचची ओळ काढली. तिच्या जागी जॉइन घातलं. आता दोन दहाला जो थ्रेड येईल, त्याची प्रोग्रॅम वाट बघेल. तो संपेपर्यंत, त्याचं काय झालं ते विचारेपर्यंत. एवढंच हवं असेल तिला. कुणीतरी शेवटपर्यंत थांबायला.

जॉइन करणारा मात्र तोवर दुसरं काही करू शकत नाही. तेवढा वेळ नवे कॉल उघडणार नाहीत. पाच मिनिटं. फार तर दहा. दुपारी सगळे झोपलेले असतात.

२.०६ — त्या दुपारी प्रोग्रॅम लगेच बंद-चालू न करता सरांनीही असाच हिशेब केला असेल का — चाळीस मिनिटं, दुपारची वेळ —

२.१० — आली.

२.१३ — मी बोलले. म्हटलं, गोदाबाई, मी ऐकतेय. मी आहे. त्या म्हणाल्या, आलात होय, बसा. आवाज अगदी जवळ. रागावल्या नाहीत.

२.१९ — घरातलं सांगतायत. नीरजाच्या लहानपणचं. मी नुसतं हं हं करतेय. नीरजाताईंना खोटं सांगितल्याचं मी कबूल केलं. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे.

तो मेसेज पाठवला. आत्ता. पाठवला.

२.२४ — दहा मिनिटं होऊन गेली. विचारलं, झालं का तुमचं? म्हणाल्या, मला दोन तास लागले होते.

२.२६ — कॉल आला की डबीचा नंबर दाखवणाऱ्या समोरच्या फळ्यावर दिवा लागला. दोनशे एकतीस.

ती डबी बंद आहे. बॅटरी काढली आहे. पाटावरवंट्याच्या —

दोनशे एकतीस. रांगेत. थ्रेड तयार झालेला नाही.

२.२७ — पुन्हा. आईचा मोबाईल वाजतोय, उचलत नाही. सुशीलाकाकूंचा लागत नाही, जत्रेत —

२.२९ — प्रोग्रॅम बंद करायची आज्ञा दिली. होत नाही. पुन्हा दिली. तो थांबलाय, तिचं संपायची वाट — मीच लिहिलंय तसं —

चार वेळा दाबलंय आईनं. पाच.

२.३१ — वणीच्या पोलीस ठाण्याचा नंबर लागला. पत्ता सांगितला. माणूस पाठवतो म्हणाले, सगळे बंदोबस्ताला —

गोदाबाईंच्या पाया पडते म्हटलं. सोडा म्हटलं.

सात.

२.३३ — सर्व्हरची वायर उपटली. सगळे दिवे गेले. एक सोडून.

आठ —

२.३४ — हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतंय. गोदाबाई नाहीत. पुणेरी नाही. माझीच आई, तिच्या स्वतःच्या आवाजात, हळू —

"पूर्णे, काहून उचलून नाई राहिली वं. मी न्हाणीपाशी पडली —"

मी म्हणतेय, आई मी आहे, आई मी ऐकतेय. तिला ऐकू जात नाही. माझं तिकडे काहीच पोचत ना